झोपण्याआधी जनरेटर बंद

प्रश्न : ताई, आम्ही यंदा जुना पॉप-अप कॅम्पर घेतला. गाडीमागे ओढायचा ट्रेलर आहे. छत वर उचललं की दोन्ही बाजूंना कापडी भिंतींचे पलंग बाहेर येतात. आत पाऊण टनाचा विंडो एसी, बारा व्होल्टचा छोटा फ्रिज, पंखा आणि दिवे आहेत. दिवाळीनंतर कोलाडला कुंडलिकेच्या काठी जायचं आहे, पुढे महाबळेश्वरलाही. वडिलांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, ते रात्री हवेच्या दाबाने श्वास मोकळा ठेवणारं सीपॅप मशीन लावून झोपतात. त्यामुळे वीज रात्रभर हवीच. दुकानदार म्हणतो एक केव्हीएचा जनरेटर पुरेल, शेजारी म्हणतात तीनचा घ्या. नेमका कोणता घ्यावा? आणि पाऊस आला तर तो ट्रेलरखाली ठेवून रात्रभर चालवला तर चालेल का?
एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, अजिबात चालणार नाही. ट्रेलरखाली नको, ताडपत्रीखाली नको, गाडीच्या डिकीत मागचं दार उघडं ठेवूनसुद्धा नको. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरून बसतो. डोकं जड होतं, मळमळतं, ग्लानी येते, आणि माणसाला वाटतं की प्रवासाचा शीण आहे. झोपलेल्याला तर तेवढंही कळत नाही. तुमच्या कॅम्परच्या भिंती कापडाच्या आणि खिडक्या जाळीच्या. खाली ठेवलेल्या जनरेटरचा धूर सरळ पलंगापाशी येणार.

म्हणून जनरेटर कॅम्परपासून किमान २० फूट लांब, सायलेन्सरचं तोंड पलीकडे आणि वारा आपल्याकडून त्याच्याकडे जाईल असा ठेवायचा. नदीच्या खोऱ्यात अंधार पडल्यावर वारा फिरतो, तेव्हा सूर्य मावळला की पुन्हा एकदा बघायचं. पाऊस आला तर जनरेटर बंद करून झाकायचा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो पलंगाच्या उंचीला लावा. तो वाजला किंवा दोघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, तर सगळ्यांनी आधी बाहेर मोकळ्यावर यायचं आणि मग १०८ला फोन करायचा.

माझं आयुष्य शूटिंगला आणि लग्नाच्या मांडवांना जनरेटर भाड्याने देण्यात गेलं. तिथे मशीनजवळ रात्रभर एक माणूस जागा असायचा. तुमच्याकडे तसा कोणी नसणार. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की जनरेटर दिवसाउजेडी बॅटरी भरण्यासाठी वापरा आणि रात्र बॅटरीवर काढा. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ धरली आहे आणि निवासी भागात तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. लहान जनरेटरसुद्धा जवळून याच्या वर आवाज करतो. नदीकाठच्या शेजारच्या तंबूंतली माणसंही झोपायलाच आलेली असतात.

आता वडिलांच्या मशीनचं. सीपॅपमध्ये जास्त वीज खातो तो पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर. डॉक्टरांना विचारून प्रवासापुरता तो बंद ठेवता आला आणि कंपनीचा बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर मिळाला, तर मशीन साधारण ३५ वॉटवर चालतं. आठ तासांचे झाले २८० वॉट-तास. पंखा २५ वॉटचा धरला तर २००. फ्रिजचा कॉम्प्रेसर मधून मधून चालतो, संध्याकाळपासून सकाळपर्यंत ३५०च्या आसपास. दिव्यांचे ५०. सगळे मिळून नऊशेच्या आत. बारा व्होल्ट १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत सुमारे १,२८० वॉट-तास असतात. म्हणजे रात्र निघते आणि सकाळी थोडी बॅटरी शिल्लक राहते. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर ती निम्म्याखाली उतरवू नये, त्यामुळे तशा दोन लागतील. मी तुमच्या जागी असते तर सीपॅपसाठी एक छोटी बॅटरी वेगळीच ठेवली असती. फ्रिज बंद पडला तर दूध नासेल, दुसरं काही नाही. पण रात्री दोन वाजता वडिलांचं मशीन थांबता कामा नये.

एसी या हिशेबात बसत नाही. पाऊण टनाचा एसी चालताना ८००-९०० वॉट घेतो, रात्रभरात वरची ती बॅटरी पाच-सहा वेळा रिकामी करेल. शिवाय कापडाच्या भिंतीतून गारवा टिकत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात कोलाडला रात्री पंखाही कदाचित नको होईल. दुपारी वडिलांना उकडलं तर तासभर एसी लावा, जनरेटर तेव्हा चालूच असेल.

त्यासाठी किती मोठा घ्यायचा? एक केव्हीएवर एसी उठणारच नाही. साधा एसी चालू होताना क्षणभर चालतानाच्या चार-पाच पट करंट ओढतो, आणि तिथेच जनरेटर ओव्हरलोड दाखवून बसतो. तीन केव्हीएचा चालेल, पण तो तुम्ही डिकीतून उचलणार कसा? तुम्हाला दोन केव्हीएच्या आसपासचा इन्व्हर्टर जनरेटर पुरेल. वजन वीस किलोच्या थोडं वर, एका माणसाला नेता येतो. पाटीवर दोन आकडे असतात, मॅक्सिमम आणि रेटेड. रेटेड वाचा, तो १,८०० वॉट असला पाहिजे. एसीला सॉफ्ट स्टार्टर, म्हणजे सुरू होतानाचा करंटचा झटका कमी करणारं उपकरण, बसवून घ्या आणि एसी लावताना जनरेटरचं इको बटण बंद ठेवा, नाहीतर इंजिन वेग घ्यायच्या आतच लोड येतो. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचावर आहे. हवा विरळ झाली की दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के ताकद जाते, म्हणजे तिथे १,८००चे १,५००च उरतील. त्या गारव्यात एसी लागणार नाही, पण चहाची इलेक्ट्रिक किटली लावून बघू नका. चार्जर ४० अँपिअरचा घेतला तर रात्रीची उतरलेली बॅटरी दोनेक तासांत भरते. बॅटरीला तेवढा चार्जिंग करंट चालतो का, हे तिच्या माहितीपत्रात बघून घ्या.

याहून सोपी वीज तुमच्या गाडीतच आहे. इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरवरून ट्रेलरच्या बॅटरीला डीसी-टू-डीसी चार्जर जोडून घ्या. मुलुंडहून कोलाडला पोचेपर्यंत तीन-चार तासांत वीस अँपिअरने बॅटरी जवळजवळ भरलेली असेल, आणि पहिल्या दिवशी जनरेटर बाहेर काढावाही लागणार नाही.

आता वायर. मुंबईच्या लोहार चाळीत मिळणारी अडीच स्क्वेअर एमएमची तीन कोअरची तांब्याची लवचिक केबल १५ मीटर घ्या, आणि वापरताना पूर्ण उलगडा. गुंडाळीतच ठेवली तर तापते.

एका गोष्टीकडे मात्र माहीतगार इलेक्ट्रिशियनचंही लक्ष जात नाही. असल्या जनरेटरच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला तर बहुतेक वेळा दोन्ही भोकांत मंद लाल उजेड दिसतो. लोक घाबरतात, वायर उलटी लागली म्हणतात. तसं नसतं. आतला न्यूट्रल अर्थिंगला जोडलेलाच नसतो. पण मग कॅम्परमध्ये बसवलेला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बिघाड झाला तरी पडेलच असं नाही. त्याचं टेस्ट बटण दाबून खात्री होत नाही, कारण ते बटण फेज आणि न्यूट्रलमध्येच करंट सोडतं, अर्थिंगशी त्याचा संबंध नाही. बटण दाबल्यावर आरसीसीबी पडला म्हणजे संरक्षण आहे, असं समजू नका. लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनकडून जनरेटरच्या बाजूला न्यूट्रल आणि अर्थ जोडणारा वेगळा प्लग करून घ्या, त्यावर ‘फक्त जनरेटर’ असं लिहा, आणि रिसॉर्टच्या किंवा घरच्या लाइनवर तो कधीही लावू नका.

पेट्रोल धातूच्या डब्यातून न्या, प्लास्टिकच्या बाटलीतून नाही. इंजिन बंद करून गार झाल्यावरच भरा. चौथाई लोडला असा जनरेटर तासाला अर्धा लिटरही पीत नाही, तेव्हा पाच लिटरच्या डब्यात तुमचे दोन दिवस निघतील.

निघण्याआधी एका रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये वडिलांचं मशीन, पंखा आणि फ्रिज फक्त बॅटरीवर चालवून बघा. वडिलांना घरातच झोपू द्या, मशीन नुसतं चालू ठेवा. सकाळी बॅटरी किती उरली ते वहीत लिहा. माझ्या आकड्यांपेक्षा तुमच्या वहीतला आकडा जास्त खरा.

प्रश्न : पावसाळाभर बंद ठेवलेला जनरेटर आता दोरी ओढून हात दुखले तरी सुरू होत नाही. स्पार्क प्लग नवा टाकला. इंजिन गेलं का?
एक वाचक, वसई

उत्तर : इंजिनाला काही झालं नसावं. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि वसईच्या दमट हवेत चार महिने कार्ब्युरेटरमध्ये तेच पेट्रोल साचून राहिलं की पेट्रोल जाण्याचं बारीक भोक, म्हणजे जेट, चिकट मळाने बंद होतो. टाकी रिकामी करा. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीचा स्क्रू सोडून साचलेलं पेट्रोल बाहेर काढा. त्यात पाण्याचे थेंब वेगळे दिसले तर कारण सापडलंच. ताजं पेट्रोल घालून बघा. तरी उठला नाही तर जेट साफ करून घ्यावा लागेल, ते काम तासाभराचं आहे. पुढच्या जूनमध्ये ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा आणि वाटी रिकामी करून ठेवा. माहितीपुस्तिकेत किती टक्के इथेनॉल चालतं तेही बघा. जुन्या यंत्रांना बऱ्याचदा १० टक्क्यांपर्यंतच चालतं, आणि तसं असेल तर त्यांचे रबरी पाइप दरवर्षी तपासत जा.