ड्रॅग रेस जिंकल्यावर पुढे काय होतं? जिंक्स मॉन्सूनचं उदाहरण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘रुपॉल्स ड्रॅग रेस’ हा ड्रॅग क्वीन्सचा, म्हणजे रंगमंचासाठी भडक स्त्रीवेश करणाऱ्यांचा, स्पर्धा-शो बघायला सुरुवात केलीय, त्यात जिंकणाऱ्यांचं पुढे काय होतं? वर्षभरात लोक विसरूनच जात असतील ना? मेकअप, विग आणि दुसऱ्याच्या गाण्यावर ओठ हलवणं, एवढ्यावर आयुष्यभराचं काम कसं मिळणार? आणि हे आपल्याकडच्या स्त्री-पार्टसारखंच ना?

शेवटचं आधी उरकतो. नाही, तसं नाही. बालगंधर्व रंगमंचावर आले की समोर पुरुष आहे हे प्रेक्षकाने विसरावं, यात त्या कलेची कमाल होती. ड्रॅगमध्ये बनाव उघडउघड मांडलेला असतो. भुवया कपाळावर चढवलेल्या, विग दीड फूट उंच, आणि गंमत त्या अतिरेकातच असते.

आता मूळ मुद्दा. बहुतेकांच्या बाबतीत तुमची शंका खरीच आहे. हा शो अमेरिकेत २००९ला सुरू झाला आणि तेव्हापासून जवळपास दरवर्षी नवा सीझन, नवे डझनभर स्पर्धक. मुकुट मिळाला की काही काळ क्लबांच्या तारखा भरलेल्या असतात, मग पुढची विजेती येते. आपल्याकडे एकांकिका स्पर्धांत करंडक घेतलेली किती मुलं दहा वर्षांनी नाटकात दिसतात, ते आठवून बघा. वर या शोमध्ये कपडे, विग, दागिने स्पर्धकांनी बहुतांशी स्वतःच्या खिशातून आणायचे असतात. कर्ज काढून आलेले आणि पहिल्याच भागात घरी गेलेले लोकही आहेत.

तरी काही जण टिकतात. कसे टिकतात ते बघायला माझ्या मते जिंक्स मॉन्सूनइतकं चांगलं उदाहरण नाही. (आडनावाचा आपल्या पावसाशी संबंध नाही. ‘ॲब्सोल्युटली फॅब्युलस’ नावाच्या ब्रिटिश विनोदी मालिकेतल्या एडिना मॉन्सूनवरून ते उचललंय.)

जन्म १९८७चा, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडचा. ड्रॅग करायला लागली ती शाळकरी वयातच. पुढे सिएटलच्या कॉर्निश कॉलेज ऑफ द आर्ट्समध्ये रीतसर नाटकाचं शिक्षण घेतलं, २०१०मध्ये पदवी. म्हणजे २०१३मध्ये पाचव्या सीझनला आली तेव्हा ती नटीच होती, गळा तयार होता. कमी होती ती झगमगाटाची. त्या सीझनमध्ये अलास्का, डीटॉक्स आणि रॉक्सी अँड्र्यूज या तिघींची एक टोळी जमली होती. तिघी दिसायला चकाचक, आणि हिच्या कपड्यांवर, मेकअपवर सतत टोमणे. त्यात हिला नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसाढवळ्या अनावर झोप येण्याचा आजार. टोमणा बसला की ही बदकाच्या पाठीवरून पाणी निथळण्याबद्दलचं एक वाक्य स्वतःशीच पुटपुटत राहायची. पुढे चाहत्यांनी ते वाक्य टी-शर्टांवर छापलं.

या शोमध्ये ‘स्नॅच गेम’ नावाचा एक भाग असतो. स्पर्धकांनी कुणा प्रसिद्ध व्यक्तीची नक्कल करत प्रश्नांची हजरजबाबी उत्तरं द्यायची. बहुतेक जण चालू काळातली पॉप गायिका किंवा नटी पकडतात, कारण ती ओळखीची असते. जिंक्सने निवडली लिटल एडी. ही जॅकलीन केनेडीची सख्खी आतेबहीण. घराणं श्रीमंत, पण ती आईबरोबर ईस्ट हॅम्प्टनच्या एका पडक्या बंगल्यात मांजरांच्या गराड्यात राहत होती. ‘ग्रे गार्डन्स’ या १९७५च्या माहितीपटात ती दिसते. तिथल्या अर्ध्या स्पर्धकांना ती कोण हेच ठाऊक नसावं. जिंक्सने तिचा उच्चार, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, मधेच विषय सोडून भलतीकडे जाण्याची सवय, सगळं असं उभं केलं की माहितीपट न पाहिलेला माणूसही हसावा. तो आठवडा तिने जिंकला.

ओठ हलवण्याबद्दल तुम्ही म्हणालात. या शोमध्ये तळाला राहिलेल्या दोघींनी एका गाण्यावर ओठ हलवून सामना करायचा, हरणारी घरी. त्याच सीझनमध्ये जिंक्सवर ती वेळ आली आणि समोर डीटॉक्स. गाणं होतं यमा सुमाकचं ‘मालाम्बो नंबर १’. ही पेरूची गायिका, तिचा आवाज गुरगुरण्यापासून थेट पक्ष्याच्या चिवचिवाटापर्यंत जायचा. गाण्यात शब्दांपेक्षा गळ्याच्या करामतीच जास्त, म्हणजे ओठ जुळवून भागत नाही. प्रत्येक सुराला चेहऱ्यावर काहीतरी घडायला हवं, कुठला सूर भीतीचा, कुठला लाडाचा, कुठला निव्वळ वेडेपणाचा, हे तुम्हीच ठरवायचं. तो व्हिडिओ बघा आणि मग सांगा हा अभिनय नाही म्हणून. डीटॉक्स घरी गेली. मे महिन्यात मुकुट आणि एक लाख डॉलर जिंक्सला मिळाले.

इथून पुढचा भाग टीव्हीवर दिसत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

जिंकल्यावर तिने मेजर स्केल्स या पियानोवादक साथीदाराबरोबर न्यूयॉर्कमध्ये ‘द व्हॉडव्हिलियन्स’चे प्रयोग केले. जागा लॉरी बीचमन थिएटर, एका रेस्टॉरंटच्या तळघरातलं छोटंसं नाट्यगृह. कथानक ऐका. १९२०च्या दशकातलं एक गाणारं-नाचणारं जोडपं अंटार्क्टिकात हिमकड्याखाली गोठतं. जागतिक तापमानवाढीने बर्फ वितळतो, दोघं जागी होतात आणि कळतं की आपली सगळी गाणी पुढच्या काळातल्या पॉप गायकांनी चोरली. मग ती ‘आपली’ गाणी मूळ ढंगात गाऊन दाखवतात. व्हॉडव्हिल म्हणजे त्या काळचा गाणी, नकला, विनोद, कसरती असा मिश्र करमणुकीचा खेळ. हा प्रयोग चालला, वाढला, दौऱ्यावर गेला. पण ब्रॉडवे (न्यूयॉर्कची मोठी व्यावसायिक रंगभूमी) किंवा मोठी मालिका दारात आली नाही. एक नाही, दोन नाही, तब्बल नऊ वर्षं.

मधल्या काळात तिची जोडी जमली सिएटलच्याच बेनडेलाक्रीमशी. ही बाई भलतीच. २०१८च्या ‘ऑल स्टार्स’मध्ये, म्हणजे जुन्या स्पर्धकांना परत बोलावणाऱ्या सीझनमध्ये, ती आठवड्यामागून आठवडा जिंकत होती. नियमाप्रमाणे कुणाला काढायचं ते तिने सांगायचं, नाव लिहिलेली लिपस्टिक दाखवून. तिने पांढऱ्या करेक्शन फ्लुइडने एका लिपस्टिकवर स्वतःचंच नाव लिहिलं आणि स्पर्धा सोडून चालती झाली! पुढे तिने स्वतःची निर्मिती संस्था चालवली, आणि जिंक्सबरोबर दोघींचा नाताळचा शो सुरू झाला. लेखन दोघींचं, निर्मिती घरची. दरवर्षी नवीन संहिता, कारण तेच प्रेक्षक पुन्हा तिकीट काढतात. २०२०मध्ये थिएटरं बंद पडली तर त्यांनी त्याचा चित्रपट केला, तो हुलू या ओटीटीवर आला. आता हा दौरा अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमध्ये फिरतो.

क्लबमध्ये दुसऱ्याच्या कार्यक्रमात दोन गाणी करून मानधन घेणं वेगळं आणि आपला खेळ, आपली तिकीटविक्री वेगळी. टिकलेल्यांपैकी बरेच जण या दुसऱ्या गटातले आहेत असं माझं निरीक्षण आहे.

मग २०२२. ‘ऑल स्टार्स’चा सातवा सीझन, आठही स्पर्धक आधीच्या विजेत्या. जिंक्सने स्नॅच गेममध्ये जुन्या हॉलिवूडची गायिका-नटी जूडी गार्लंड केली, आणि शोचा सूत्रधार रुपॉलला हसू आवरेना. शेवटी मोने एक्स्चेंजला हरवून दोन लाख डॉलर. पुढच्याच जानेवारीत, २०२३ला, ती ब्रॉडवेवर ‘शिकागो’ या संगीत नाटकात मामा मॉर्टन नावाची तुरुंगाची मेट्रन म्हणून उभी राहिली. ती भूमिका करणारी पहिली ड्रॅग क्वीन. लोक म्हणाले टीव्हीमुळे मिळालं. तिकिटं त्याने खपली हे मान्यच. पण ‘शिकागो’ १९७५मध्ये आलं तेच ‘म्युझिकल व्हॉडव्हिल’ असं बिरुद लावून, आणि मामाचं गाणं सोफी टकरसारख्या जुन्या व्हॉडव्हिल गायिकांच्या ढंगाचं आहे. तळघरात वर्षानुवर्षं तोच ढंग घोटलेल्या बाईला ते गाणं जड जाणारच नव्हतं.

नंतरचं भराभर सांगतो. २०२४ला ऑफ-ब्रॉडवेवर (ब्रॉडवेपेक्षा लहान नाट्यगृहांत) ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’मध्ये ऑड्री. ही निवड मला सगळ्यात धाडसाची वाटते, कारण ऑड्री नकलेवर निभत नाही, ती साधी, मार खाल्लेली पोर आहे. त्याच वर्षी ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेत संगीत गिळणारा खलनायक मॅस्ट्रो. २०२५ला कार्नेगी हॉलमध्ये स्वतःचा कार्यक्रम, मग ब्रॉडवेवर ‘पायरेट्स! द पेन्झान्स म्युझिकल’मध्ये रूथ, आणि ऑगस्टमध्ये ‘ओह, मेरी!’मध्ये प्रमुख भूमिका.

दरम्यान आपण ट्रान्स (ट्रान्सजेंडर) असल्याचंही तिने जाहीरपणे सांगितलंय. ड्रॅग करणारे सगळे ट्रान्स नसतात, हे मुद्दाम लिहितोय, कारण अशा उत्तरांखाली तो गोंधळ हमखास होतो. आणि ती ‘शिकागो’ करत होती त्याच मार्चमध्ये टेनेसी राज्याने ड्रॅगच्या जाहीर प्रयोगांवर बंधनं घालणारा कायदा केला. एका संघीय न्यायाधीशाने जूनमध्ये तो घटनाबाह्य ठरवला खरा, पण २०२४मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. दौरे आखणाऱ्यांच्या पोटात गोळा आला असणारच.

सगळ्यांना हे जमेल का? नाही. गळा आणि नाट्यशिक्षण तिच्याकडे आधीपासून होतं, ते कुठलाही शो देत नाही. फॅशनच्या किंवा नाचाच्या बळावर जिंकलेल्यांची वाट वेगळी, त्यांच्याबद्दल यावरून काही ठरवू नका.

आता तुम्ही बघायला बसलाच आहात तर कोण जिंकलं हे माहीत असूनही पाचवा सीझन बघा, मग ‘ऑल स्टार्स’चा सातवा, आणि मग नाताळचा चित्रपट. ‘ग्रे गार्डन्स’ मात्र पाचव्याच्या आधी बघून घ्या, लिटल एडी दुप्पट हसवेल.