उभ्याने काम करण्यासाठी उंच वाफे

प्रश्न : आमचे घर गुहागर तालुक्यात असून मागील दारी दोन गुंठे मोकळी जागा आहे. माझे वय 67 वर्षे आणि उंची पाच फूट एक इंच आहे. माठ, मुळा, मिरची, अळू असे घरापुरते मी दरवर्षी करीत आले. परंतु मणक्याच्या दुखण्यामुळे वाकून बेणण्यास डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे उंच वाफे बांधून घेण्याचा विचार आहे. गवंडी तीन फूट उंच आणि आतून चार फूट रुंद वाफा सुचवतो. ही मापे योग्य आहेत का, आणि एवढी माती आणावी कोठून?

– एक वाचक भगिनी, जिल्हा रत्नागिरी

उत्तर : गवंड्याने सुचवलेली दोन्ही मापे आपल्याला जास्त आहेत. उंचीचा अंदाज आपल्या स्वयंपाकघरातच घेता येईल. ज्या ओट्यावर आपण न अवघडता भाजी चिरता, त्यापेक्षा चार बोटे खाली वाफ्याचा काठ असावा. कारण हात मातीच्या पातळीवर न राहता रोपाच्या उंचीवर फिरत असतात. आपल्या उंचीला सुमारे अडीच फूट पुरेसे आहे. तीन फुटांवर मिरचीची रोपे छातीपर्यंत येतील आणि कंबर वाचवताना खांदे दुखू लागतील.

रुंदीच्या बाबतीत नेहमी होणारी चूक म्हणजे भिंतीची जाडी विसरणे. चिरा नऊ इंच रुंदीने बसवला, तर आतला चार फुटांचा वाफा बाहेरून साडेपाच फूट होतो आणि मधले रोप काठापासून पावणेतीन फुटांवर जाते. तेथे पोहोचायचे तर वाकावेच लागणार, म्हणजे सगळा खटाटोप फुकट. न वाकता हात सुमारे दोन फुटांपर्यंतच सुखाने जातो. म्हणून बाहेरची रुंदी चार फूट आणि आतली अडीच फूट धरावी. एका बाजूला गडगा किंवा घराची भिंत असेल, तर काठासह दोन फुटांपेक्षा अधिक रुंदी घेऊ नये. लांबी आठ फूट पुरे, नाहीतर दुसऱ्या बाजूस जाण्यासाठी उगाच वळसा पडतो.

जांभा येथे उत्तमच आहे. खाणीत मऊ असलेला हा दगड हवेत कठीण होत जातो. त्याच्या ‘लॅटेराइट’ या नावामागील लॅटिन शब्दाचा अर्थही ‘वीट’ असाच आहे. मात्र कोरड्या रचाईवर विसंबू नये. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि भिजून जड झालेली माती भिंतीला बाहेर ढकलते. सिमेंटमध्ये बांधकाम करून मधोमध एक आडवी भिंत घालावी, आणि सर्वांत खालच्या थरात दर दोन फुटांवर पाणी निघण्यास भोक ठेवून त्याच्या आतल्या तोंडाशी काथ्याचा बोळा बसवावा. तळाला काँक्रीट मुळीच करू नये.

आता मातीविषयी. अडीच फूट रुंद, आठ फूट लांब आणि अडीच फूट खोल वाफ्याचे आकारमान पन्नास घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास होते. पण पालेभाजीला आणि मिरचीला वरची सव्वा फूट माती पुष्कळ झाली. तळाला जांभ्याचे तुकडे, त्यावर एक-दोन पावसाळे खाल्लेली नारळाची सोडणे (वरची काथ्याची साले) आणि वाळका पातेरा, म्हणजे गळलेला पालापाचोळा भरावा. वरच्या थरात दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि थोडी नदीची वाळू असावी. समुद्राची वाळू घेऊ नये. सोडणे आणि पातेरा कुजत गेल्याने पहिल्या वर्षी माती चांगलीच खाली बसेल. तो दोष समजू नये, खताची भर घालावी.

जागा निवडताना पागोळ्या पडतात तेथून दूर राहावे आणि माडाखाली तर बांधूच नये. नारळ पडण्याचे भय आहेच, शिवाय माडाची मुळे ओलाव्याच्या वासाने दोन-तीन वर्षांत खालून वाफ्यात शिरतात.

उंच वाफ्यात काय लावू नये, हेही पाहावे. भेंडी स्वतःच पुरुषभर उंच होते. ती अडीच फुटांवरून वाढली, तर तोडणीला शिडी लागेल. शिराळी, पडवळ जमिनीतच लावून मांडवावर चढवावीत, म्हणजे फळ आपोआप हाताशी लोंबते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण हरिता’ ही शिराळ्याची जात त्यासाठी चांगली. अळू मोरीच्या पाण्यावर आहे तेथेच राहू द्यावा आणि तो कापण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे सोपवावे. वाफ्यात माठ, मुळा, मेथी, कोथिंबीर, मिरची आणि वांगी घ्यावीत. पावसाळ्यात झापांचे (माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे) छप्पर करावे, कारण धो धो पावसात मातीतले सत्त्व वाहून जाते. उन्हाळ्यात मात्र उंच वाफा लवकर सुकतो, तेव्हा पातेऱ्याचे आच्छादन घालून सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे. नळ वाफ्याच्या काठाशी, हाताच्या उंचीवर घ्यावा. भरलेली कळशी उचलावी लागली, तर न वाकण्याला अर्थ उरत नाही.

दोन वाफ्यांमध्ये तीन फुटांची वाट सोडावी आणि तिच्यावर चिरे न घालता जाड खडी टाकावी. पावसात जांभ्यावर शेवाळ धरते, आणि आपल्या वयात वाकण्यापेक्षा घसरण्याची भीती अधिक आहे.

प्रश्न : बाजारात पत्र्याचे तयार उंच वाफे मिळतात. मालवणात किनाऱ्यालगत ते घ्यावेत का?

उत्तर : घेऊ नयेत. खाऱ्या हवेत कापलेल्या कडांपासून गंज चढतो आणि वैशाखात पत्र्यालगतची मुळे भाजून निघतात. भाड्याच्या घरात चिरेबंदी नको असेल, तर प्लॅस्टिकचा मोठा ड्रम उभा चिरून त्याची दोन अर्धुके तळाला भोके पाडून चिऱ्यांच्या दोन थप्प्यांवर घट्ट बसवावीत. खाली गुडघ्यांना जागा मिळत असल्याने स्टुलावर बसूनही काम करता येते. ड्रममध्ये पूर्वी रसायन नव्हते, एवढी खात्री मात्र विकत घेतानाच करावी.