शुगरची नवी गोळी आणि तिसऱ्यांदा उठलेली खाज

प्रश्न : माझं वय ४७. पाच महिन्यांत तिसऱ्यांदा खाली भयंकर खाज, लघवीला आग आणि दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं जातंय. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने दोन दिवस बरं वाटतं, की पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, उष्णता आहे, धने-जिऱ्याचं पाणी पी. मिस्टरांमुळे होत असेल का? त्यांना विचारायची लाज वाटते. बाकी तब्येत ठीक. सहा महिन्यांपूर्वी शुगरची गोळी तेवढी बदलली आहे.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता शेवटी लिहिलीत. आधी घरात जाऊन त्या नव्या गोळीची स्ट्रिप बघा. नाव डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असं काहीतरी 'ग्लिफ्लोझिन'वर संपतंय का? या गोळ्या रक्तातली जादा साखर मूत्रपिंडावाटे लघवीत सोडतात. म्हणजे ती साखर रोज त्याच नाजूक जागेवरून जाते, आणि तिथली बुरशी तिच्यावर पोसते. ऑक्टोबर २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, गोळी स्वस्त झाली. तेव्हापासून तुमच्यासारख्या बायका माझ्या ओपीडीत जास्त दिसू लागल्या.

पण म्हणून उद्यापासून गोळी बंद करू नका हं. हृदय आणि मूत्रपिंड दोन्हींसाठी ती चांगली आहे. ठेवायची की बदलायची, हे देणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं, मात्र त्यांना खाजेचं सांगायला हवं. बायका शुगरच्या डॉक्टरांना पायाच्या मुंग्या सांगतात, ही गोष्ट सांगत नाहीत. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणीही, म्हणजे एचबीएवनसी, करून घ्या. साखर चढलेली असेल, तर गोळी कुठलीही असो, खाज परत येणारच.

ही बुरशी म्हणजे कॅन्डिडा, यीस्टचा एक प्रकार. ती बाहेरून आलेली नाही. आतड्यात, योनीत थोडी असतेच, आणि लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू तिला आवरून धरतात. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, गर्भारपण आलं, साखर वाढली, की तिचं फावतं. चारातल्या तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. त्यामुळे मिस्टरांवर संशय नको. त्यांना लालसरपणा किंवा खाज असेल तरच त्यांना औषध लागेल (आणि मग त्यांचीही साखर तपासा). सासूबाईंचं धने-जिऱ्याचं पाणी प्यायला हरकत नाही, बुरशीला त्याने काही होत नाही. दही खा, पण आत लावू नका. लावून आलेल्या दोघी-तिघी मी पाहिल्या आहेत.

आता ती ट्यूब. मागचं बारीक अक्षर वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल, तर त्यात स्टिरॉइड आहे. खाज दोन दिवसांत दबते ती त्याने, पण वारंवार लावलं की कातडी पातळ होते. खरं औषध साधं आहे : क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी, रात्री झोपताना. एरवी ५०० मिलिग्रॅमची एकच पुरते. पण मधुमेह असताना आणि पुन्हा पुन्हा होत असताना मी एकीवर भागवत नाही, सात रात्री कमी ताकदीची देते. किंवा पोटात घ्यायची फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम, तीन-तीन दिवसांनी, अशा तीन. तरीही परतलं तर आठवड्याला एक, सहा महिने. मात्र ही गोळी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नका. शुगरसाठी ग्लिमेपिराइडही चालू असेल, तर दोन्ही मिळून साखर एकदम खाली जाऊ शकते.

शिवाय, प्रत्येक पांढरं जाणं बुरशीचं नसतं. माशासारखा वास असेल तर तो वेगळाच आजार, त्याचं औषधही वेगळं. म्हणून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांकडून आतून तपासून घ्या. स्राव काचेवर घेऊन, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की बुरशीचे धागे दिसतात.

डेटॉलने किंवा सुगंधी वॉशने आत धुणं आजपासून बंद. साधं पाणी पुरे. आणि आपल्याकडे चड्ड्या बाथरूममध्ये परकराखाली लपवून वाळत घालतात ना, त्या वाळतच नाहीत, तशाच ओलसर अंगात चढतात. सुती घाला आणि खुशाल अंगणातल्या दोरीवर टाका, शेजारणीला काय वाटायचं ते वाटू दे.

तपासणीला जाताना गोळीची स्ट्रिप आणि ट्यूब, दोन्ही पिशवीत घ्या. आणि आदल्या दोन दिवसांत ट्यूब लावू नका, नाहीतर काचेवर नुसतं मलम दिसतं.