थैली कोणी मोजावी?

प्रश्न : प्रभूच्या नावे सलाम. आमची ख्रिस्ती मंडळी नागपुरात जरीपटक्याला भाड्याच्या हॉलमध्ये भरते. उपासना संपली की दानार्पणाची थैली खजिनदार घरी नेतात आणि रात्री मोजतात. माणूस सचोटीचा आहे. मोजायला दोघं बसावेत असं सुचवलं, तर वडीलजन म्हणाले, “हा भावावर अविश्वास झाला, बायबलमधलं २ राजे १२:१५ वाचा.” काय करावं?

उत्तर : त्याच अध्यायातलं दहावं वचनही त्यांच्यासोबत बसून वाचा. पेटीत पैसा साठला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक मिळून तो मोजत आणि थैल्यांत बांधत. पंधराव्या वचनात हिशेब मागितला नाही तो कामगारांना मजुरी देणाऱ्यांकडे, तोही आधी दोघांनी मोजून दिल्यावर. पौल तर प्रेषित, तरी यरुशलेमच्या गरिबांसाठीची वर्गणी नेताना कोणी बोट ठेवू नये म्हणून त्यानं मंडळ्यांनी निवडलेला भाऊ बरोबर घेतला (२ करिंथ ८:१८-२१). उद्या दोनशे रुपयांचा फरक निघाला, तर एकट्यानं मोजणारे तुमचे खजिनदार स्वतःचा प्रामाणिकपणा कशानं दाखवतील? दुसरा माणूस त्यांच्याच रक्षणासाठी हवा.

मोजणारे दोघं वेगवेगळ्या घरांतले घ्या, नवरा-बायको किंवा बाप-लेक नकोत. खजिनदारांनी स्वतः मोजू नये, मोजलेली रक्कम सही करून ताब्यात घ्यावी. मोजणी आशीर्वादानंतर लगेच, हॉलमध्येच. चिठ्ठीवर पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभराच्या किती, असं सुट्या नाण्यांपर्यंत लिहा. मग बेरीज, तारीख, दोघांच्या सह्या. कार्बन घालून दोन प्रती काढा : एक खजिनदारांना, एक चिटणिसांच्या फाइलला. दशांशाच्या (उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या दानाच्या) पाकिटावर १,००० लिहिलंय आणि आत ९०० निघाले, तर पाकीट फेकू नका. खरा आकडा त्यावरच लिहून दोघांनी तिथंच सही करा आणि देणाऱ्याला त्याच दिवशी एकांतात सांगा.

घोळ बहुतेक वेळा मोजणीत होतच नाही, थैलीतून परस्पर खर्च केल्यानं होतो. चहाचे, पाहुण्या पाळकांच्या ऑटोचे पैसे त्यातूनच दिले की उरलेलीच रक्कम जमा दिसते, आणि ३१ मार्चला हिशेब बंद करताना चिठ्ठ्या आणि पासबुक जुळत नाहीत. म्हणून सोमवारी सगळी रक्कम बँकेत भरा, खर्च वेगळ्या व्हाउचरवर दाखवा. क्यूआर कोडही मंडळीच्या खात्याचाच लावा, कुणाच्या खाजगी खात्याचा नको.

प्रश्न : परदेशी पाहुण्यानं थैलीत रुपयांतच दान टाकलं. ते चालतं ना?

उत्तर : नाही. देणारा परदेशी नागरिक असेल तर रुपयांतलं दानही विदेशी अंशदानच ठरतं, आणि २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याप्रमाणे (एफसीआरए) त्यासाठी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणी असली तरी ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावं लागतं. पाहुण्यांना उपासनेआधीच प्रेमानं सांगून ठेवा. परदेशी नागरिकत्व घेतलेले आपले नातेवाईकही यात आले. भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा दुबईहून स्वतःच्या पगारातून बँकेमार्फत पाठवतो, त्याला मात्र अडचण नाही.