घर विकलं, पैसे एफडीत ठेवले, आता?

प्रश्न : डोंबिवलीतला 1991 साली घेतलेला, आम्हा दोघा नवराबायकोच्या नावावरचा फ्लॅट जानेवारी 2026 मध्ये विकला. सध्या भाड्याने राहतो. नाशिकला मुलाजवळ जावं, पुण्याला लेकीजवळ की रत्नागिरीकडे वडिलोपार्जित जागेत घर बांधावं, ठरत नाही. पैसे एफडीत आहेत. कराच्या दृष्टीने कुठे जाणं सोयीचं?

उत्तर : कुठे जायचं ते सावकाश ठरवा. घर भारतात असलं की नाशिक आणि पुणे कायद्याला सारखंच. तुमची खरी अडचण एफडीची आहे आणि त्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही.

तुमच्या विक्रीला लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 54 प्रमाणे घरविक्रीतला नफा नव्या घरात घातला तर त्यावर करात सूट मिळते. त्यासाठी तयार घर घ्यायला विक्रीपासून दोन वर्षं आणि बांधायला तीन वर्षं मिळतात. बहुतेकजण इथवरच वाचतात. पुढची अट अशी, की विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत नफ्यातली जी रक्कम घरात गुंतली नसेल, ती अधिकृत बँकेत ‘कॅपिटल गेन्स अकाउंट’मध्ये भरायची. निवृत्त माणसाची ही मुदत 31 जुलै. साधी एफडी, मग ती त्याच बँकेत का असेना, चालत नाही. ‘पैसे घरासाठीच बाजूला ठेवले होते’ हेही चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये 54एफ या जोडकलमाखालच्या (घराऐवजी दुसरी मालमत्ता विकून घर घेतल्यावरची अशीच सूट) प्रकरणात खात्यात न भरलेल्या रकमेची सूट नाकारली. इतर काही उच्च न्यायालयांनी सैल अर्थ लावलाय, पण त्या भरवशावर बसू नका. अपिलं वर्षानुवर्षं चालतात आणि उतारवयात ती वर्षं कोर्टात घालवण्यासारखी नसतात.

नफा 70 लाख धरला तर साडेबारा टक्क्यांनी 8 लाख 75 हजार कर होतो, उपकर आणि लागू झाला तर अधिभार वेगळे. तेव्हा एफडी आजच मोडा. थोडं व्याज जाईल, जाऊ द्या. सगळी रक्कम नाही, फक्त नफा भरायचा आहे. खरेदी किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 चं मूल्य धरून तो आकडा सीएकडून काढून घ्या. दस्तात दोघांची नावं आहेत, म्हणून सहसा आपापल्या हिश्शाची दोन खाती लागतात. फ्लॅटचे पैसे कोणी भरले होते यावर हिस्सा बदलू शकतो. विक्रीच्या दस्तावर सही करण्याआधी हे विचारलं असतं तर सहा महिने हातात होते. दर जुलैला अशी पत्रं येतात आणि दर वेळी जीव हळहळतो.

रत्नागिरीबद्दल : सातबारावर अजून आजोबांचं किंवा सगळ्या भावांचं नाव असेल, तर वारसनोंद आणि वाटपातच तीन वर्षांतली बरीचशी संपतील. तिथे जायची ओढ असेल तर तलाठ्याकडे याच महिन्यात जा. नवं घर मुलाच्या किंवा लेकीच्या नावावर घेऊ नका. आपल्याकडचे निकाल अशा वेळी सूट द्यायला तयार नसतात. आणि घेतलेलं घर तीन वर्षं विकू नका, नाहीतर वाचवलेला कर तेव्हा वसूल होतो.