पुढच्या जानेवारीत पुन्हा भेटणारे दोष

फेब्रुवारी २०२५

प्रिय मित्रास,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या (एनएफएल) डेट्रॉइट लायन्स या संघाच्या पराभवावर तू लिहिलेले टिपण मिळाले. दोनदा वाचले; पहिल्यांदा तुझ्या श्रमांच्या कौतुकाने आणि दुसऱ्यांदा हातात लाल पेन्सिल घेऊन. १८ जानेवारीच्या रात्री बाद फेरीच्या सामन्यात वॉशिंग्टन कमांडर्सने लायन्सना त्यांच्याच मैदानावर ४५-३१ असे हरवले आणि तुझ्या टिपणावर १९ जानेवारी ही तारीख आहे, हे मी सर्वांत आधी पाहिले. रात्रभर जागून लिहिल्याच्या खुणा त्यात जागोजाग आहेत. संघाच्या गरजांची तुझी यादी अकरा कलमांची आहे आणि तिच्यात क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) बदलण्यापासून किक परतवणारा नवा खेळाडू आणण्यापर्यंत सगळे येऊन गेले आहे. ज्या संघाने नियमित हंगामात १७ पैकी १५ सामने जिंकले आणि ५६४ गुण करून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला, त्याला जर अकरा ठिकाणी भोके असतील, तर बाकीच्या संघांनी गाशाच गुंडाळायला हवा.

तुला एखाद्या संघाच्या विश्लेषण कक्षात काम करायचे आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. त्या कक्षात गरजांची यादी कुणीही करू शकतो. तिथे प्रत्येक कलमापुढे एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे हा दोष पुढच्या जानेवारीत पुन्हा भेटणार आहे का. जो भेटणार आहे त्यावर पैसा आणि ड्राफ्टमधली (नवोदित खेळाडूंच्या वार्षिक वाटपातली) निवड खर्च करायची. जो त्या एका रात्रीपुरता होता तो कितीही झोंबला तरी सोडून द्यायचा. ही चाळणी तुझ्या टिपणात कुठेच दिसली नाही.

तुझे पहिले कलमच घे. लायन्सनी त्या सामन्यात पाच वेळा चेंडू गमावला, क्वार्टरबॅक जॅरेड गॉफचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले (म्हणजे तीन इंटरसेप्शन), त्यातला एक क्वान मार्टिनने थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे गोलरेषेपार, नेला, वॉशिंग्टनने मात्र एकदाही चेंडू गमावला नाही, म्हणून पराभवाचे कारण गॉफ, असे तू मांडले आहेस. आकडे बरोबर आहेत. पण याच गॉफने याच हंगामात, १० नोव्हेंबरला, ह्यूस्टनविरुद्ध पाच इंटरसेप्शन दिली होती आणि तरीही लायन्स २६-२३ असे जिंकले होते, ही गोष्ट तू विसरलास. त्या दिवशी मध्यंतराला ते ७-२३ असे मागे होते. उत्तरार्धात बचावफळीने ह्यूस्टनला एकही गुण करू दिला नाही आणि शेवटच्या क्षणी जेक बेट्सच्या किकने सामना खिशात घातला. एका सामन्यात क्वार्टरबॅकची पाच इंटरसेप्शन, दुसऱ्यात संघाने पाच वेळा गमावलेला चेंडू, आणि निकाल अगदी उलटे. तेव्हा चुका झाल्या हे सांगून काम संपत नाही. नोव्हेंबरमध्ये ज्या चुका संघाला पचल्या त्या जानेवारीत का पचल्या नाहीत, तिथून शोध सुरू करायला हवा.

उत्तर बरेचसे बचावफळीत आहे. कडेने धावून जाणाऱ्या एडन हचिन्सनचा पाय १३ ऑक्टोबरला डॅलसमध्ये मोडला; तोवर पाच सामन्यांत त्याच्या नावावर साडेसात सॅक (चेंडू सुटण्याआधी क्वार्टरबॅकला पाडणे) जमा झाले होते. तो ह्यूस्टनविरुद्धही नव्हता, हे ध्यानात ठेव. पण त्या दिवशी मधल्या फळीत अलिम मॅकनील होता आणि मागे कार्लटन डेव्हिस होता. १५ डिसेंबरला बफेलोविरुद्धच्या एकाच सामन्यात मॅकनीलच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि डेव्हिसचा जबडा मोडला. वॉशिंग्टनविरुद्ध सामना सुरू होतो न होतो तोच अमिक रॉबर्टसनचा हात मोडला. हंगामाच्या शेवटी जखमींच्या यादीत डझनाहून अधिक बचावपटू होते. समोरच्या क्वार्टरबॅकवर चार जणांनी दबाव आणता येत नसेल, तर पाचवा आणि सहावा माणूस धाडावा लागतो, आणि वॉशिंग्टनच्या जेडन डॅनियल्ससारखा चपळ मुलगा त्यांनी मोकळ्या सोडलेल्या जागेत शांतपणे पास टाकतो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चार भागांपैकी दुसऱ्यात) वॉशिंग्टनने २८ गुण केले, त्यांतले मार्टिनच्या टचडाउनचे सात वगळता बाकीचे २१ याच दुबळ्या फळीसमोर.

आता तू म्हणशील की दुखापती म्हणजे दुर्दैव, मग त्यांवर उपाय तो काय करायचा? इथेच मला तुझ्याशी जरा वाद घालायचा आहे. दुखापत होणे दैवाधीन असते. एका माणसाच्या दुखापतीने सगळा डाव कोलमडणे हे दैवाधीन नसते. हचिन्सन परत येईल, त्यामुळे त्याच्या जागेची चिंता नको. पण तो असतानाही दुसऱ्या कडेने धावून जाणारा भरवशाचा माणूस संघाकडे नव्हता. नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलँडकडून झडारियस स्मिथला आणले, पण तो तेव्हाच ३२ वर्षांचा होता. मॅकनीलचा गुडघा तर डिसेंबरच्या मध्यावर गेला, म्हणजे सप्टेंबरमध्ये हंगाम सुरू होताना तो पहिल्या दिवसापासून उभा राहील असे गृहीत धरणे भाबडेपणाचे ठरेल. या दोन जागा तुझ्या यादीत चौथ्या आणि नवव्या क्रमांकावर आहेत. त्या पहिल्या दोन हव्यात.

चार माणसांचा दबाव काय करतो हे तू या ९ फेब्रुवारीला न्यू ऑर्लिन्सच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, पाहिलेच असशील. फिलाडेल्फियाने जादा माणूस न धाडता, नेहमीच्या चौघांच्या बळावर क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सला सहा वेळा जमिनीवर आणले आणि कॅन्सस सिटीला ४०-२२ असे हरवले. मला स्वतःला तो सामना बघताना चार वर्षांपूर्वीचा काळ आठवत होता, आणि तो तुलाही सांगण्यासारखा आहे. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी सुपर बोलमध्येच हाच माहोम्स टॅम्पा बेविरुद्ध जीव मुठीत धरून पळत होता. कॅन्सस सिटी ३१-९ असे हरले आणि त्यांना एकही टचडाउन करता आले नाही. त्यांचे दोन्ही टॅकल (आक्रमणफळीच्या दोन टोकांचे रक्षक), एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, दुखापतीमुळे बाहेर होते. व्यवस्थापनाने हातावर हात ठेवून 'दोघे बरे झाले की सगळे ठीक होईल' असे म्हटले असते, तर त्यांना कुणी नावे ठेवली नसती. त्यांनी सुमारे महिनाभरातच दोघांनाही करारमुक्त केले. मग खुल्या बाजारातून, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंमधून, जो थुनी नावाचा खेळाडू आणला, बाल्टिमोरकडून अदलाबदलीत ऑर्लँडो ब्राउन घेतला, ड्राफ्टमध्ये ६३ व्या क्रमांकावर क्रीड हम्फ्री आणि पार २२६ व्या क्रमांकावर ट्रे स्मिथ उचलला. नव्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात क्वार्टरबॅकच्या पुढे जे पाच जण उभे राहिले, त्यांतला एकही सुपर बोलमधल्या पाचांपैकी नव्हता. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध, ज्या संघाने त्या हंगामात ७० सॅक केले होते त्याच्याविरुद्ध, माहोम्सवर एकही सॅक झाला नाही आणि सामना ३८-३५ असा जिंकला.

त्यांनी क्वार्टरबॅक बदलला नाही, माहोम्सने त्या रात्री दोन इंटरसेप्शन दिली होती तरीही. वय झालेल्या आणि शरीर थकलेल्या दोन टॅकलची दुखापत पुन्हा डोके वर काढणार, हे त्यांनी ओळखले. माहोम्सची ती दोन फेकणी पुन्हा होणार नाहीत, हेही ओळखले. (आणि तीच आक्रमणफळी चार वर्षांनी पुन्हा उसवली, कारण डावा टॅकल सापडेना म्हणून मूळचा गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा खेळाडू) असलेल्या थुनीला तिथे उभे करावे लागले. एकदा बुजवलेले भोक कायमचे बुजत नाही, एवढे त्यातून घे.)

दैव आणि दोष वेगळे करणे मात्र कागदावर वाटते तेवढे सोपे नाही. जानेवारी २०२४ मधला लायन्सचाच सामना आठव. सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला २४-७ अशी आघाडी, आणि शेवटी ३४-३१ असा पराभव. सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रँडन आयुककडे टाकलेला लांब पास लायन्सचा कॉर्नरबॅक (पास झेलणाऱ्याला रोखणारा बचावपटू) किंडल व्हिल्डोरच्या हेल्मेटच्या जाळीवर आपटून उडाला आणि आयुकने तो खाली कोसळता कोसळता पकडला. ५१ यार्ड गेले. चेंडू तसा उडणे हा निव्वळ योगायोग, हजारदा टाकला तरी पुन्हा तसा उडणार नाही. पण आयुकसमोर व्हिल्डोर एकटा सापडणे हा योगायोग नव्हता. व्यवस्थापनाने हे अचूक हेरले. दोनच महिन्यांत त्यांनी डेव्हिसला आणले, आणि ड्राफ्टमध्ये पहिल्या दोन फेऱ्यांत टेरियन आर्नोल्ड आणि एनिस रेकस्ट्रॉ असे दोन कॉर्नरबॅक घेतले. एकाच डावात दोन्ही गोष्टी एकत्र गुंफलेल्या असतात, आणि त्या सोडवणे हेच तुझे काम.

पैशाबद्दल थोडक्यात. सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या पगारखर्चाची मर्यादा, २०२४ च्या हंगामात २५ कोटी ५४ लाख डॉलर होती, यंदा वाढेल. पण गॉफचा चार वर्षांचा २१ कोटी २० लाखांचा करार, रिसीव्हर (पास झेलणारा) सेंट ब्राउनचा १२ कोटींचा, टॅकल सुएलचा ११ कोटी २० लाखांचा, हे सगळे गेल्या वर्षीच झाले आहेत आणि हचिन्सनची पाळी आता येईल. डेव्हिस आणि पस्तिशीला टेकलेला गार्ड केव्हिन झाइटलर यांचे करार मार्चमध्ये संपत आहेत. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतली निवड २८ व्या क्रमांकावर आहे. अकरा गरजांना पुरेल एवढी थैली कुणाकडेच नसते. तुझ्या यादीतल्या बहुतेक कलमांना किंमत लावलेलीच नाही, ती लावून बघ, म्हणजे यादी आपोआप आखूड होईल.

आता तुझ्या टिपणात जे अजिबात नाही त्याबद्दल. पराभवानंतर आठवडा उलटायच्या आत आक्रमणाचे सूत्रधार बेन जॉन्सन शिकागोचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि बचावाचे सूत्रधार ॲरन ग्लेन न्यूयॉर्क जेट्सचे. लायन्सचे मुख्य प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांनी त्यांच्या जागी अनुक्रमे जॉन मॉर्टन आणि केल्विन शेपर्ड यांना नेमले. लीगमध्ये सर्वाधिक गुण करणाऱ्या आक्रमणाचे डाव ज्याच्या डोक्यातून निघत होते तो माणूसच गेला, याहून मोठी गरज मला तरी दिसत नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये ३८-३१ असे मागे असताना रिसीव्हर जेमसन विल्यम्सच्या हातून लांब पास टाकवण्याचा जो डाव खेळला गेला आणि वॉशिंग्टनच्या माइक सेन्रिस्टिलने जो पास पकडला, त्याला तू 'मूर्खपणा' म्हटले आहेस. मी तसे म्हणणार नाही. त्याच कल्पकतेवर वर्षभर टाळ्या पडल्या होत्या. नवा सूत्रधार ती कल्पकता ठेवतो की आवरतो, हे मात्र नोंदवायला हवे.

शिवाय एक क्षण. गुणफलक ३१-२८, वॉशिंग्टन चौथ्या डाउनवर (चेंडू पुढे नेण्याच्या शेवटच्या प्रयत्नावर) धोका पत्करायला उभे, आणि लायन्सचे अकराऐवजी बारा खेळाडू मैदानात. दंड झाला आणि पुढे ब्रायन रॉबिन्सनने टचडाउन केले. हे तू 'बेशिस्त' या एका शब्दात संपवलेस, आणि म्हणून मला माझीच एक जुनी चूक सांगावीशी वाटते. तुझ्या वयाचा असताना मी एका महाविद्यालयीन संघासाठी सामन्यांच्या फितींची काटछाट करीत असे. अशाच एका बाद फेरीच्या पराभवानंतर मी ठळक अक्षरांत लिहिले की सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) झोपला होता, तो बदला. बचावफळीच्या वयस्क प्रशिक्षकांनी काही न बोलता फीत मागे नेली आणि चेंडू सुटण्याच्या तीन सेकंद आधी थांबवली. तो मुलगा डोळ्यांवर आडवा हात धरून, मान उंचावून आमच्या बाजूला पाहत होता. त्या काळी महाविद्यालयीन खेळात हेल्मेटमध्ये रेडिओ नव्हता, डाव खुणांनी कळवत, आणि खूण करणारा आमचा माणूस त्या क्षणी खेळाडू बदलण्याच्या गडबडीत पाठमोरा होता. मी मुलाला बदलायला निघालो होतो. बदलायची होती ती आमची खूण करण्याची पद्धत. तो कागद मी फाडला. त्यानंतर महिनाभर मला फितीत खेळाडूंच्या आधी कडेला उभी असलेली माणसेच दिसत होती.

बाराव्या माणसाचा तो प्रसंगही तसाच पाहा. कोण बाहेर यायचा होता, त्याला ते कुणी सांगायचे होते, जखमींच्या जागी आलेले किती नवखे त्या गटात एकत्र खेळले होते, वॉशिंग्टनने घाई केली होती का. उत्तर जर नवख्यांच्या गोंधळात सापडले तर तो पुन्हा पहिल्या दोन जागांचाच प्रश्न आहे. कडेच्या माणसांच्या कामात सापडले तर तो शेपर्ड यांच्यापुढचा प्रश्न आहे आणि त्याला एक डॉलरही लागत नाही.

१२ मार्चला खुला बाजार उघडेल. त्याआधी मला नवे टिपण नको, फक्त दुसऱ्या क्वार्टरमधल्या वॉशिंग्टनच्या प्रत्येक डावाचा तक्ता हवा आहे: किती माणसे धावून गेली, डॅनियल्सच्या हातून चेंडू किती वेळात सुटला, आणि त्या जागी सप्टेंबरमध्ये कोण उभा असता. क्वार्टरबॅकचे कलम तूर्त कापून टाक. गार्डचे ठेव, झाइटलरच्या जागेचे बोलणे आपण तक्ता आल्यावर करू.

तुझा,
एक जुना फीत कापणारा