शिटेत जंत दिसत नाहीत, मग औषध द्यायचं की नाही?

तुमच्या आठ कोंबड्यांपैकी एक खंगत चालली आहे, तिने अंडी घालणं बंद केलंय, शिटेत मात्र काही दिसत नाही. तर सगळ्यांनाच जंताचं औषध पाजून मोकळं व्हावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: नको. आधी शीट तपासून घ्या.

डोळ्यांना जंत दिसणं हा अपवादच. मोठे गोलजंत आतड्यातच राहतात, बाहेर पडतात ती त्यांची अंडी, आणि ती मायक्रोस्कोपशिवाय दिसत नाहीत. पाच-दहा सेंटीमीटरचा पांढरा जंत शिटेत सापडला, तर आत बहुधा बरीच गर्दी झालेली असते. पट्टकृमीचे, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंतांचे, सुटे तुकडे तेवढे कधीकधी तांदळाच्या दाण्यांसारखे दिसतात.

रात्री कोंबड्या बसल्या की खंगलेली उचला आणि छातीचं हाड चाचपा. दोन्ही बाजूंना मांस लागायला हवं. हाडाची धार बोटाला टोचत असेल तर वजन खरंच उतरलंय. फुललेल्या पिसांमुळे नुसत्या नजरेला ते कळत नाही. पिसं बाजूला सारून गुदद्वाराजवळ उवाही बघा आणि बसायच्या दांड्याच्या फटींत लाल गोचिडी आहेत का तेही बघा. फिका तुरा बघून जंतांना दोष द्यायचा आणि रक्त पिणारे भलतेच, असं पुष्कळदा होतं.

नमुना सकाळी, ताज्या शिटेचा घ्या. जंतांची अंडी सगळ्या शिटेत सारखी पडत नाहीत, म्हणून कळपाच्या नमुन्यात बऱ्याच ठिकाणची थोडी थोडी शीट मिसळा. आजारी कोंबडीची वेगळ्या डबीत. तपकिरी, चिकट, घाण वासाची शीट अधूनमधून पडते ती आंधळ्या, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या, आतड्याची. हगवण समजून घाबरू नका, तीही थोडी घ्या. तपासायला पशुवैद्यांकडे लगेच देता आली नाही तर डबी फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही.

मायक्रोस्कोप असेल तर घरीही जमतं. गरम पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घाला, गार करा. त्यात शीट कालवून गाळा, छोटी बाटली काठोकाठ भरा, वर कव्हरस्लिप, म्हणजे छोटी पातळ काच, टेकवा. पंधरा-वीस मिनिटांत अंडी तरंगून काचेला चिकटतात. काच उचलून स्लाइडवर ठेवा आणि शंभरपट मोठं करून बघा. लंबगोल, जाड कवचाची अंडी गोलजंतांची. दोन्ही टोकांना बूच असलेली कॅपिलेरियाची, म्हणजे केसाएवढ्या बारीक जंतांची, आणि हे जास्त त्रास देतात. अंड्यांपेक्षा बरेच लहान गोलसर ठिपके पुष्कळ दिसले तर कॉक्सिडियाचा, म्हणजे आतड्यातल्या एकपेशीय परजीवीचा, संशय घ्या. तो जंतच नव्हे, त्यावर जंतनाशकाचा उपयोग शून्य.

रिपोर्ट कोरा आला म्हणून निश्चिंत होऊ नका. पोटात गेलेला गोलजंत अंडी घालायला लागेपर्यंत पाच ते आठ आठवडे जातात, आणि पट्टकृमी या तपासणीत सहज निसटतात. खंगणं चालूच राहिलं तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. उलट, धडधाकट मोठ्या कोंबड्यांत चार-दोन अंडी दिसली तर मी औषध देत नाही. पिल्लांच्या बाबतीत मात्र एवढी सैल राहत नाही.

औषध ठरतं ते यानंतर. पायपेराझिन फक्त मोठ्या गोलजंतांवर चालतं, फेनबेंडाझोलचा आवाका मोठा. पण पीस गळून नवी येत असताना फेनबेंडाझोल दिलं तर नवी पिसं वेडीवाकडी येऊ शकतात. मात्रा आणि अंडी किती दिवस खायची नाहीत, हे पशुवैद्यांना विचारा. नंतर दहा-चौदा दिवसांनी पुन्हा शीट तपासा, नाहीतर औषध लागू पडलं की नाही ते कळणारच नाही. लसूण, भोपळ्याच्या बिया खुशाल घाला, कोंबड्या आवडीने खातात. उपचार म्हणून मात्र त्यांवर विसंबू नका.

तोवर खंगलेली कोंबडी वेगळी ठेवा आणि खाली जुनं वर्तमानपत्र घाला. तिचा नमुना आयताच मिळेल, आणि ती किती खातेय तेही समजेल.